सटवाईचा टाक कोण तपासतं?

मागच्या अंकात मी चेटकिणींच्या ‘कोझी’ गोष्टींवर एक पान लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्रजीत गेल्या काही वर्षांत, विशेषतः करोनानंतर, अशा कल्पितकथांची चलती आहे ज्यांत जग वगैरे वाचवायचं नसतं. एक चेटकीण असते, तिचं चहाचं दुकान नाहीतर पडकी खानावळ असते, छप्पर गळत असतं, आणि शेवटच्या पानापर्यंत ते छप्पर शाकारून होतं. नायिका बहुधा एकटी वाढलेली, सगळं बिनचूक करायच्या हट्टापायी दमलेली. गोष्टीत तिला रक्ताची नसलेली माणसं मिळतात. मराठीत असं कोणी लिहील का, असं मी सहज विचारलं होतं. टपालवाल्याने या महिन्यात माझ्याकडे पाहून मान हलवली, एवढी पत्रं आली. पाच निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यांत जास्त जागा दिली, कारण त्यातून माझंच एक जुनं प्रकरण वर आलं.

*

प्रश्न: काकू, मी मिरजेची. वय ३४. एका पतसंस्थेत हिशेब तपासते. तुमचं पान वाचलं आणि कपाटातली वही बाहेर काढली. माझ्या गोष्टीतली मुलगी सटवाईच्या हाताखाली काम शिकते. तिचं नाव बोरू. सटवाई आता थकली आहे, एका रात्रीत एवढी घरं होत नाहीत, म्हणून तिने मदतीला मुली ठेवल्या आहेत. बोरूचं अक्षर सगळ्यांत देखणं. पण सात घरांतून ती बाळाचं कपाळ कोरं ठेवून परत आली आहे. एकदा लिहिलं की खोडता येत नाही, चूक झाली तर बाळ जन्मभर भोगणार, या धास्तीने तिचा हातच उठत नाही. मी पहिलं प्रकरण एकोणीस वेळा लिहिलं आहे. दुसरं एकदाही नाही. अडलंय ते असं: शेवटी बोरूच्या हातून मोठी चूक होते आणि सगळे तिला माफ करतात, असं मी ठरवलं होतं. ते मलाच खोटं वाटतं. आमच्या घरी कोणी कुणाला असं माफ केलेलं मी पाहिलेलं नाही.
(नाव छापू नये, मिरज)

उत्तर: अगं, तुला एकेरीतच हाक मारते. पहिलं प्रकरण एकोणीस वेळा लिहिणारी बाई मला परकी नाही.

आधी सटवाईचं बोलू. तू निवडलीस ती फार चांगली गोष्ट केलीस. षष्ठीची सटवी झाली, सटवीची सटवाई झाली. पाचवीला किंवा सहावीला, ज्या घराची जशी रीत, पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि बायकांनी जागायचं. ती येणार आणि बाळाच्या कपाळी लिहून जाणार. आणि उजाडलं की तिचंच नाव शिवी म्हणून वापरायला आपण मोकळे: ‘सटवे, कुठे उलथली होतीस?’ एक रात्र देवी आणि बाकी जन्म शिवी. परदेशातल्या चेटकिणीची टोकदार टोपी आणायची तुला गरज काय? भाषासुद्धा तुझ्या बाजूने आहे. ज्याने लिहितात तो टाक, आणि देव्हाऱ्यात देवाची मुद्रा उठवलेला पत्रा असतो तोही टाक. या शब्दावर तुझ्या गोष्टीत एक पान नक्की निघेल.

आता माझं प्रकरण. मी ३१ वर्षं पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. बार्शीहून आले तेव्हा २३ वर्षांची होते. वाड्यात एक खोली, घरचं म्हणावं असं गावात कोणी नाही. शुद्धलेखन मात्र पाचवीलाच पुजलेलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पानात चूक सापडली नाही पाहिजे, एवढंच मला येत होतं आणि तेवढ्यावरच मी तिथे टिकून आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

१९८४चा दिवाळी अंक. तेव्हा आमच्याकडे सगळं खिळ्यांचं, म्हणजे शिशाच्या सुट्ट्या अक्षरांचं, काम. कंपोझिटर केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणांसमोर, उभा राहून एकेक अक्षर उचलून स्टिकमध्ये भरणार, ओळी गॅलीत जाणार, मग पानं बांधून फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, चौकटीत आवळायचा आणि मशीनवर चढवायचा. शेवटचा फर्मा चढला होता. मशीनमन हात पुसत उभा होता. मी म्हटलं, थांबा, अजून एकदा वाचते. दोनदा वाचून झालेलं होतं, बरं का. फोरमन होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मामा म्हणाले, ‘ताई, अंक वसुबारसेच्या आत स्टॉलवर जायचाय.’ मी ऐकलं नाही. तिसऱ्या वाचनात मला एक ‘आणी’ सापडला. आनंद काय वर्णू!

आता नीट ऐक, कारण सगळी गंमत इथे आहे. ‘णी’ची ‘णि’ करायची तर वेलांटी अक्षराच्या मागची पुढे आणावी लागते. म्हणजे एक खिळा बदलून भागत नाही, ओळ सैल करावी लागते. मामांनी किल्लीने चौकट सैल केली, चिमट्याने खिळे उचलले, बसवले, पुन्हा आवळली. त्या हलवाहलवीत खालच्या ओळीतला एक खिळा सटकला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, कारण मी टक लावून ‘आणि’कडे पाहत होते. खालची ओळ होती: ‘सासूला हसू आलं.’ सटकला तो ‘ह’.

अंक उशिरा गेला तो गेलाच. वर अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं की सासूला सू आलं.

मी दोन दिवस कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी वाड्याच्या दारात मामा, ट्रेडलवाले काका आणि बाईंडिंगमधल्या दोघी उभ्या. हातात चकलीचा डबा. मला वाटलं समजूत घालायला आलेत. मामांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. झाडताना मशीनखाली सापडलेला ‘ह’ होता तो. म्हणाले, ‘तुझा हरवलेला मुलगा.’ बाईंडिंगमधली एक जण एवढी हसली की तिला खरंच मोरी शोधावी लागली.

तू म्हणतेस माफी खोटी वाटते. बरोबर आहे. मला कोणी माफ केलं नाही. मालकांनी त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले, संपादकांनी चार वर्षं सुनावलं. लेखिकेने तर मला पुढे कधी ओळखच दाखवली नाही. आणि छापखान्यातल्यांनी माझी टर उडवायचं काम निवृत्तीपर्यंत सोडलं नाही. पण माफीत एक जण पाटावर बसतो आणि दुसरा खाली उभा असतो. टर उडवायची तर सगळे एकाच सतरंजीवर लागतात. त्या दिवाळीपर्यंत मी त्यांची ‘बाई’ होते, नंतर ‘ताई’ झाले. आता तू म्हणशील, वर मामा ‘ताई’ म्हणाले असं लिहिलंय. खरं आहे. ते ‘बाई’च म्हणाले असणार. आठवणीने दुरुस्ती करून ठेवली आहे. राहू दे.

तेव्हा बोरूची मोठी चूक शेवटी ठेवू नकोस. मध्यावर ठेव. आणि चुकीतून माणसं आत येऊ देत. तुझ्या गोष्टीत जागा तयारच आहे, तुला ती दिसत नाही एवढंच: जागरण! त्या रात्री घरातल्या सगळ्या बायका जाग्या असतात. आजी, आत्या, शेजारीण, बाळंतिणीची मावशी. पत्ते चालतात, उखाळ्यापाखाळ्या निघतात, रात्री दोनला तिसऱ्यांदा चहा होतो. तू बोरूला थेट बाळाच्या कपाळाशी नेऊन उभी करतेस आणि बाकीचं घर अंधारात ठेवतेस. पाठवलेल्या पानांत एकाही बाईला तोंड नाही. आठव्या घरात एखाद्या म्हातारीला बोरू दिसू दे. ‘कोण गं तू? अशी कोपऱ्यात का उभी? चहा टाकलाय.’ आणि मग म्हातारीनेच सांगावं काय लिहायचं ते. ‘नाक बापासारखं नको हं, लिही. पोहता येऊ दे, लिही.’

हे मी हवेतून सांगत नाही. प्रूफ वाचायची जुनी पद्धतच अशी आहे. एक जण मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्याने वाचतो, त्याला कॉपी धरणं म्हणतात. दुसरा छापील पानावर डोळा ठेवतो. स्वतःच लिहिलेलं स्वतःला तपासता येत नाही. त्यात आळस नसतो, डोळ्याचा दोष नसतो. आपल्याला जे लिहायचं होतं तेच आपल्याला दिसतं, जे लिहिलंय ते दिसत नाही. माझ्यासाठी कॉपी मामा धरायचे. त्या १९८४च्या तिसऱ्या वाचनाला मी त्यांना बोलावलं नव्हतं. एकटीने वाचलं होतं.

बिनचूकपणाच्या हट्टावर अभ्यासही झालेला आहे. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली त्याचे तीन प्रकार मांडले. एक, माणूस स्वतःच स्वतःकडून मागतो तो. दुसरा, दुसऱ्यांकडून मागतो तो (आमचे मालक). तिसरा, सगळे आपल्याकडून बिनचूकपणाच मागताहेत आणि तो दिला नाही तर आपली किंमत शून्य, असं मनात धरून चालतो तो. तुझी बोरू वाचताना पहिल्या प्रकारची वाटते. पण मला ती तिसऱ्या प्रकारातली दिसते. तिला कोणीतरी कधीतरी पटवलंय की सुंदर अक्षर आहे तोवरच सटवाई ठेवून घेईल. कोणी पटवलं? एकोणीस वेळा लिहिलेल्या प्रकरणात ते कुठेही आलेलं नाही. तुझ्या पत्रात मात्र आलंय. ‘आमच्या घरी कोणी कुणाला असं माफ केलेलं मी पाहिलेलं नाही.’ हे वाक्य उचल आणि दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठेव. पहिल्याला हात लावायचा नाही.

आणि रविवारी एखाद्या मैत्रिणीला घरी बोलव, वही तिच्या हातात दे, तिला मोठ्याने वाचायला सांग. तू फक्त ऐकायचं. पेन दुसऱ्या खोलीत. मैत्रीण नसेल तर पतसंस्थेतला जो कोणी तुझ्याबरोबर डबा खातो त्याला बोलव. हे काम नात्यातल्या माणसानेच करावं असं कुठे लिहिलेलं नाही. इंग्रजीत ‘फाउंड फॅमिली’ म्हणतात, जणू रस्त्यात सापडली. आपण मानलेला भाऊ, मानलेली बहीण म्हणतो. मानावं लागतं.

एक जरा गंभीर सांगते. हिशेबाचा आकडा चारचारदा तपासण्यात रात्रीची झोप जात असेल, जेवण सुटत असेल, तर समुपदेशकाकडे जा. मी गेले नव्हते, आणि त्यात काही शहाणपण नव्हतं.

१९८६ साली माझं लग्न झालं. पत्रिकेचं प्रूफ मला दाखवलं नाही. तळाशी मुलं लिहितात ना, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’, तिथे छापलं होतं: ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली चिमुकल्यांच्या जागी मामा, ट्रेडलवाले काका आणि अख्खं कंपोझिंग खातं, सरासरी वय पन्नास. ‘हं’मधला ‘ह’ मुद्दाम मोठ्या टायपात.

तो हरवलेला ‘ह’ माझ्या देव्हाऱ्यात आहे, खंडोबाच्या टाकाशेजारी.

*

प्रश्न: बाई, मी वीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. नंदुरबारकडच्या पाड्यांवर डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तुम्ही चेटकिणीच्या गोड गोष्टींचं कौतुक करता, हे बरं वाटलं नाही.
(एक कार्यकर्ता, नाशिक)

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि रागाने नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली २० ऑगस्ट २०१३ला. त्यानंतर आधी वटहुकूम आला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर मिळालेली गोष्ट आहे ती, आणि ज्याने खस्ता खाल्ल्या तो माणूस ती पाहायला नव्हता. तेव्हा तुमचा चटका मला समजतो.

तरी गोष्टी लिहूच नयेत, हे मी मान्य करणार नाही. कायद्याचं भांडण जित्याजागत्या बाईवर चेटकाचा आळ घेऊन तिला छळण्याशी आहे, कल्पनेतल्या झाडूशी नाही. पण एक तुमचं पूर्ण मान्य: ‘डाकीण’ हा शब्द मी या सदरात कुठल्याही गोड गोष्टीला चालवून घेणार नाही. सातपुड्यात तो अजून निखारा आहे. ‘चेटकीण’ शहरात तरी विझून नाटकात गेली. आणि जे लिहिताहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आळ येतो तो बहुतेक वेळा एकट्या बाईवर, विधवेवर, आणि चौकशी केली की मागे कुठेतरी जमिनीचा तुकडा निघतो. म्हणून गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी गोष्टीत आणत असाल तर ती तिथे का राहते हे गावाला विचारा. तिला कुणी ढकललं असेल तर तेही लिहा. आणि तिला जमीन असेल तर सातबारा तिच्या नावावरच असू द्या, शेवटच्या पानापर्यंत.

*

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, आता स्वीडनमध्ये ऊपसालाला असते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी इथल्या मुली चेटकिणी होतात. माझी सहा वर्षांची लेकही झाली. डोक्याला रुमाल, गालांवर लाल ठिपके, हातात तांब्याची किटली. दारोदार स्वतः काढलेलं चित्र द्यायचं आणि चॉकलेट घ्यायचं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पोरीला चेटकीण कसली करता? नजर लागेल.’ त्यांना काय सांगू?
(एक वाचक, ऊपसाला)

उत्तर: सासूबाईंना सांगा, भोंडल्याला आपण खिरापतीच्या आशेने घरोघर जायचो की नाही, तसंच हे. रुमाल बांधला काय आणि परकर घातला काय, डोळा खाऊवर. त्यांचं समाधान होईल. न झालं तर किटलीतलं चॉकलेट पाठवा.

तुम्हाला मात्र वेगळं सांगते. ज्या देशात तुमची लेक किटली घेऊन फिरली तिथेच १६६८ ते १६७६ या काळात चेटकिणींवरच्या खटल्यांचा वणवा पेटला होता. चेटकिणी ईस्टरच्या सुमाराला मुलांना उचलून ब्लोकुला नावाच्या ठिकाणी सैतानाकडे नेतात, असा समज. आणि बायकांविरुद्ध साक्ष द्यायला उभी होती ती मुलंच. तोर्सोकर भागात १६७५ साली एकाच दिवशी ७१ जणांना मारलं, त्यांत ६५ बायका. पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये मुलांनी कबूल केलं की आम्ही खोटं बोललो, तेव्हा हा प्रकार थांबला.

त्याच मुलांच्या पणतवंडांच्या पणत्या आज ‘पोस्कशॅरिंग’, म्हणजे ईस्टरच्या म्हाताऱ्या, बनून दारं वाजवतात. मला यात ढोंग दिसत नाही. भीती एवढी मुरली की तिचा खाऊ झाला. पण त्याला शेकडो वर्षं लागली, आणि मध्ये कोणीतरी खरं बोलावं लागलं. नाशिकच्या पत्राशेजारी तुमचं पत्र मी मुद्दाम लावलं आहे. लेक बारा-तेरा वर्षांची झाली की १६७५ची गोष्ट सांगा तिला. आत्ता नको, चॉकलेट खाऊ दे.

*

प्रश्न: आजी, मी रत्नागिरीला सातवीत आहे. मला चेटकिणीची गोष्ट लिहायची आहे. माझी चेटकीण उडते, गायब होते, औषधं करते, प्राण्यांशी बोलते आणि तिला सगळ्या भाषा येतात. पण आई म्हणते गोष्ट कंटाळवाणी आहे. का?

उत्तर: आई म्हणते ते खरं आहे, पण तिने ते जरा हळू म्हणायला हवं होतं.

सगळं येणाऱ्या माणसाच्या घरी कोणी जात नाही, राजा. जाऊन करणार काय? एइको कादोनो नावाच्या जपानी लेखिका आहेत, १९३५चा जन्म. त्यांच्या मुलीने झाडूवरच्या चेटकिणीचं चित्र काढलं होतं, झाडूला रेडिओ टांगलेला. त्यावरून त्यांना कीकी नावाची छोटी चेटकीण सुचली. पुस्तक १९८५ला आलं, २०१८ला कादोनोंना मुलांच्या साहित्यातला अँडरसन पुरस्कार मिळाला. या कीकीला फक्त उडता येतं. तिची आई शिंकेवरचं औषध करते, पण ते शिकण्याइतकी चिकाटी कीकीकडे नाही. तेराव्या वर्षी घर सोडून परक्या गावात जाते, आणि एक बेकरीवाली तिला राहायला जागा देते. का देते? कारण हिला एकच गोष्ट येते आणि बाकी सगळ्याची पंचाईत आहे, हे तिला कळतं.

तुझ्या चेटकिणीला एक गोष्ट येऊ दे. तीही अधूनमधून बिघडू दे. रत्नागिरीच्या पावसात झाडू भिजला तर? लिही आणि मला पाठव. शुद्धलेखनाची काळजी नको, मी आहे.

*

प्रश्न: मराठीत चेटकीण अजून प्रेमळ झाली नाही असं तुम्ही लिहिलंत. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ विसरलात का? आणि ‘कोझी’ला मराठी शब्द नाही का? मी ‘गोधडीकथा’ सुचवतो.
(एक नाट्यवेडे, दादर)

उत्तर: विसरेन कशी? दिलीप प्रभावळकरांनी ती चेटकीण केली, २०१८ला आलेल्या नव्या प्रयोगांत वैभव मांगल्यांनी. माझ्या नातवाने ती पाहिल्यावर आठवडाभर घरात कोणाला सरळ बोलू दिलं नाही. पण ती चेटकीण आपण खुर्चीत बसून हसायची आहे. तिच्या घरी जाऊन कांदा चिरून द्यावासा वाटत नाही. मी म्हणत होते ते तसल्या चेटकिणीबद्दल.

‘गोधडीकथा’ छान आहे. ‘उबदार’पेक्षा बरा, ‘उबदार’ म्हटलं की स्वेटरची जाहिरात आठवते. कोल्हापूरकडचे ‘वाकळकथा’ म्हणतील आणि भांडतील, भांडू देत. एक अडचण: संपादकांना भीती की वाचक झोपतील. मी म्हटलं, झोपले तर कथा चांगली.

*

शुद्धिपत्र: मागच्या अंकात याच सदरात ‘झाडूवर बसलेली चेटकीण’ असं हवं होतं तिथे ‘झाडावर बसलेली चेटकीण’ असं छापलं गेलं. चूक कळवणाऱ्या चिपळूणच्या वाचकांनी सोबत आंब्याच्या झाडावर बसलेल्या, पाय सोडून कैरी खाणाऱ्या चेटकिणीचं चित्रही पाठवलं आहे. ते पुढच्या अंकात छापू. त्या पानाचं प्रूफ मी एकटीनेच पाहिलं होतं.